दाजींसकट होडी

वारे फिरले, पाणी गढूळलं आणि मासेमारीचा हंगाम संपत आला, की धक्क्याजवळच्या घरांतून आवराआवर सुरू व्हायची. महिनोन्‌महिने पाण्यावर असलेले नवरे आता घरी यायचे असत. बायका गाद्यांना ऊन दाखवायच्या, पडदे धुवायच्या, आरशापुढे नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ उभ्या राहायच्या. तांडेलीणही आवराआवर करायची, पण तिची तऱ्हा वेगळी. चांगली कात्री कपाटात कुलूपबंद, रेडिओ सगळ्यात वरच्या फळीवर, शिवणाच्या मशीनवर जाड चादर. घरी वांड पोरं असलेले पाहुणे यायचे असले की शहाणी बाई काचेची भांडी उचलून ठेवते ना, तसं.

नवरा वाईट होता असं मात्र कुणी म्हणू नये. दारू नाही, पत्ते नाहीत, हात उगारणं तर नाहीच नाही. तो तांडेल होता, म्हणजे होडीचा कर्ताधर्ता. चार खलाशी आणि त्यांच्यावर हा; सुकाणू याच्या हातात आणि हा म्हणेल ती पूर्व. पाण्यावर ते ठीकच असतं. तिथं एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, नाहीतर सगळेच तळाला. पण होडी किनाऱ्याला लागली तरी तांडेलाच्या डोक्यातली होडी काही लागायची नाही. घरात पाऊल टाकलं की त्याला जिकडेतिकडे ढिलाई दिसायची. डबे उंचीप्रमाणे का लावलेले नाहीत? दूध वर यायच्या आधी गॅस बारीक का केला नाही? वाऱ्याची दिशा बघून कपडे वाळत घालावेत, एवढंही कळू नये? स्वयंपाकघरातली वस्तू न्‌ वस्तू तो दोरीनं बांधून ठेवायचा, जसं काही घर आत्ता एका कुशीवर कलंडणार आहे. साखरेच्या डब्याला मारलेली त्याची गाठ सोडवता सोडवता चहाचं पाणी आटून जायचं.

हंगामात मात्र घर तिचं असायचं. पुढच्या खोलीत तिचं मशीन, शेजारच्या रिटायर झालेल्या नर्सबाईंचं मशीन, आणखी दोघी काजं-बटणं करायला. चौघी मिळून एका दुकानासाठी शाळेचे गणवेश शिवायच्या. रेडिओ मोठ्यानं चालू, त्याच्यावरताण गप्पा. भूक लागली की जेवायचं, झोप आली की पलंगावर आडवंतिडवं पडायचं. नवरा घरी असला की मात्र त्या तिघी दाराशीच "मग येतो हं" म्हणून परत फिरायच्या. एका वर्षी त्यानं बायकोवरच्या मायेपोटी तिच्या मशीनला होडीच्या इंजिनाचं तेल घातलं. त्या खेपेचे सगळे शर्ट कॉलरवर काळी नक्षी घेऊन दुकानातून परत आले. तांडेल म्हणाला, मशीन आता कसं लोण्यासारखं चालतंय बघ. ते खरंही होतं.

तरी ती सहन करायची. हंगामाबाहेरचे दिवस ते किती; दाढदुखीसारखे डोळे मिटून काढायचे. वारे पुन्हा फिरतात, होडी पुन्हा पाण्यात जाते.

त्या वर्षी, होडी किनाऱ्यावर ओढून घ्यायला आठवडा राहिला असताना, तांडेल संध्याकाळी घरी आला, पाय धुतले, जेवायला बसला आणि जेवण संपेपर्यंत एका शब्दानं काही बोलला नाही. भाकरी एका बाजूनं करपली होती, तीही त्यानं मुकाट्यानं खाल्ली. तिनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

"या वर्षी होडी बाहेर काढली की काढली," तो म्हणाला. "पुन्हा पाण्यात घालायची नाही. विकून टाकतो. खूप झालं. आता बाराही महिने मी तुझा."

तिच्या हातात डाव होता, तो तसाच राहिला. मग तिनं त्याला आणखी भात वाढला. तो समाधानानं हसला. त्याला वाटलं, बायकोला आनंदानं शब्द फुटत नाहीत.

बातमी धक्क्यावर पसरायला वेळ लागला नाही. जी भेटेल ती तिचा हात हातात घेऊन म्हणायची, नशीब काढलंस. लेकीचा सासरहून फोन आला. ती तर रडलीच. बाबांनी तुझ्यासाठी समुद्र सोडला, आई, असं म्हणाली. तांडेलीण सगळ्यांना हो हो म्हणत राहिली. दुखणं असं होतं की सहन होईना आणि सांगता येईना. दुसऱ्या कुणाचा नवरा बुडाला होता, कुणाचा पळून गेला होता, आणि हिनं कुठल्या तोंडानं सांगायचं की माझा घरी येतोय हो?

एकट्या नर्सबाईंनी तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं. त्या दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "माझे हे रिटायर होऊन घरी बसले, तेव्हा चौथ्या महिन्यात मी त्यांना बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीचे पहारेकरी म्हणून चिकटवून दिलं. शेवटपर्यंत आमचं एका शब्दानं वाजलं नाही. तूही बघ काहीतरी, वेळेवर."

होडी ओढायच्या दिवशी तांडेलानं तिला मुद्दाम बरोबर नेलं. इतक्या वर्षांत ती या कामाला कधी गेली नव्हती. भरती पुरती भरली तशी होडी उताराच्या तोंडाशी आणली गेली. इंजिन, जाळी, बर्फाची पेटी आधीच उतरवली होती, त्यामुळे ती पाण्यावर हलकी, रिकाम्या पाळण्यासारखी डुलत होती. उतारावर चरबी लावलेले गोल ओंडके आडवे टाकले होते. होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, बांधलेला जाड दोर वरच्या खांबावरच्या कप्पीतून फिरवून खाली आणला होता आणि त्याच्यावर आजूबाजूच्या होड्यांचे मिळून वीसेक गडी लागले होते. आज याची ओढायची, उद्या त्याची, असंच चालायचं. दोन्ही अंगांना एकेक जण टेकू घेऊन उभा. होडी पुढे सरकली की मागचा मोकळा झालेला ओंडका उचलायचा आणि धावत जाऊन पुढे टाकायचा.

"तूही हात लाव," तांडेल तिला म्हणाला. "आज तुझाच मान."

तिनं दोराला हात लावला. तिच्या पुढे तिचा धाकटा भाऊ होता. तो तांडेलाच्याच होडीवर खलाशी. सगळे त्याला बारक्या म्हणत, आणि दोन मुलांचा बाप झाला तरी ते नाव सुटलं नव्हतं. तांडेल वर उभा राहून हाळी देऊ लागला. एका हाळीला सगळ्यांनी दम घ्यायचा, दुसरीला ओढायचं. होडी कुरकुरत पाण्यातून वर आली. तिच्या पोटाला लोंबणारं शेवाळ आणि चिकटलेले शिंपले दिसू लागले. गड्यांच्या मानेच्या शिरा तटतटल्या. तांडेलिणीनं दोर धरला होता, पण धरण्यापलीकडे काही करत नव्हती. खरं सांगायचं तर मधूनमधून तिच्या टाचा आपोआप उलट्या दिशेला रुतत होत्या.

निम्म्या उतारावर एक ओंडका तिरका झाला. टेकू निसटला, कुणीतरी ओरडलं, दोर हातांतून सरसरला आणि होडी मागे घसरली. मागचा भाग धाडकन पाण्यात आपटला. सगळ्यांच्या अंगावर पाणी उडालं. त्या एका क्षणात तांडेलिणीच्या मनात शब्द उमटले, "जा बाई, जा." लगेच तिची तिलाच लाज वाटली. गड्यांच्या तळव्यांची सालं निघाली होती, एकाचा अंगठा चेंगरता चेंगरता वाचला होता. तिनं मान खाली घातली आणि पुढच्या हाळीला मात्र खरोखरच ओढलं.

दुसऱ्या खेपेला होडी सरळ वर आली. दोन्ही बाजूंनी टेकू ठोकले गेले, तळाचं बूच काढलं, आत साचलेलं पाणी भळाभळा वाहून गेलं. आणि मग तांडेल एका ओंडक्यावर चढून उभा राहिला. तो भाषण करेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

"लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात," तो म्हणाला, "हिनं मला सांगितलं होतं. ही होडी माझी सवत आहे. हिला सोडाल त्या दिवशी मी अख्ख्या धक्क्याला माझ्या हातानं चहा पाजीन. मी विसरलो नव्हतो. आज सवत काढली बघा बाहेर. आता चहा होऊन जाऊ दे."

गड्यांनी शिट्ट्या मारल्या. तांडेलीण हसली, कारण सगळे तिच्याकडे बघत होते. तिला आठवलं. तेव्हा ती कोवळी पोर होती, ओळखीचं कुणी नसलेल्या गावात आलेली. वारा सुटला की रात्रभर जागी राहायची. त्या होडीला तिनं काय काय शिव्या दिल्या होत्या. ते शब्द खोटे नव्हते. फक्त मधल्या काळात कधीतरी, एखाद्या हंगामाच्या सुरुवातीला, तो गेल्यावर दार लावून मागे वळताना तिला घर ऐसपैस वाटलं होतं, आणि दुसऱ्या दिवशीही तसंच वाटलं होतं. मागितलेलं आज मिळालं होतं. मागणारी तेवढी शिल्लक नव्हती. तिनं शेजारपाजारचे कप गोळा केले आणि मोठ्या पातेल्यात चहा ठेवला. साखरेच्या डब्याची गाठ तिनं सरळ कात्रीनं कापली.

मग जे सुरू झालं, ते आधीच्या सगळ्या वर्षांहून वरचं होतं. पूर्वी तो पाहुणा असायचा. निदान आपण जाणार आहोत हे त्याला माहीत असायचं. आता तो कायमचा आला होता आणि कायमचं करायचं होतं. त्यानं फळ्या उतरवून पुन्हा ठोकल्या. पलंग खिडकीपासून भिंतीकडे नेला, कारण तिथं वारा बरा. पहाटे उठायची सवय, म्हणून तो पहाटे उठायचा आणि खुर्चीत बसून ती कधी उठते याची वाट पाहायचा. दिवसभर तिच्या मागून या खोलीतून त्या खोलीत फिरायचा आणि कौतुकानं विचारायचा, या वेळेला तू एरवी काय करतेस? बायका शिवायला येईनाशा झाल्या. गणवेशांचं काम नर्सबाईंच्या घरी गेलं. तांडेल म्हणाला, बरंच झालं, किती राबलीस, आता आराम कर.

खाडीपलीकडचा एक व्यापारी होडी बघून गेला. त्याला ती लगेच न्यायची होती. त्या रात्री तांडेलीण आढ्याकडे बघत पडून राहिली. होडी खाडीपलीकडे गेली की तांडेलाला घराबाहेर जायला कारणच उरणार नव्हतं. धक्क्यावर तिचं नखही दिसलं नाही, तर हा माणूस कशासाठी चप्पल घालील?

सकाळी ती भावाकडे गेली आणि त्याला म्हणाली, होडी तूच घे. बारक्या चकित झाला. ताईच्या मनात आपल्याबद्दल एवढी माया असेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. तिनं ते भरू दिले. मग घरी येऊन तिनं नवऱ्याला समजावलं. परक्याच्या दारात कशाला, घरातच राहील, रोज डोळ्यांसमोर राहील. तांडेलाचं तोंड जरा कडू झालं. बारक्या गाठ मारतो ती पोरींच्या वेणीच्या रिबिनीसारखी, असं काहीतरी तो पुटपुटला. पण "डोळ्यांसमोर" या शब्दानं काम केलं. होडी बारक्याची झाली.

तिचा अंदाज तसूभरही चुकला नाही. व्यवहार झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी तांडेल न्याहारी करून उठला आणि म्हणाला, जरा बघून येतो, पोरानं टेकू नीट लावलेत की नाही. तो दुपारी जेवायला आला तेव्हा घाईत होता. संध्याकाळी अंधार पडल्यावर परतला. मग ते रोजचंच झालं. होडीचा तळ खरवडायचा, फटींत सूत ठासायचं, डांबर चोपडायचं, रंग द्यायचा. हंगामाबाहेर ही कामं असतातच, आणि त्या प्रत्येक कामाला आता दोन मालक होते. नर्सबाई आपलं मशीन परत घेऊन आल्या. रेडिओ फळीवरून खाली उतरला. तांडेलिणीच्या चेहऱ्यावर तेज चढलं. बघणारे म्हणाले, नवरा घरी आला की बाई कशी खुलते बघा.

पण एकाचं सुख ते दुसऱ्याच्या मानेवर बसलेलं असतं. महिनाभरानं बारक्या भर दुपारी आला. केसांत डांबर, डोळे खोल गेलेले. बायकांना बघून तो आत स्वयंपाकघरात जाऊन बसला. ती मागोमाग गेली आणि तिनं त्याच्यापुढे चहा ठेवला.

तो म्हणाला, "ताई, दाजींना घरी ठेव."

तिनं विचारलं, काय झालं. मग त्यानं सगळं ओतलं. खरवडणी दाजींना पसंत नाही, म्हणून तो तळ दोनदा खरवडला. सूत ठासलं, ते दाजींनी उपसून काढलं. त्यानं पिवळा रंग आणला, तर दाजी होडीपुढे आडवे उभे राहिले, जसं काही कुणी त्यांच्या अंगाला रंग लावतोय. गडी हसतात. गिऱ्हाईक येतं ते दाजींशी बोलतं. "होडी विकली म्हणे, पण कुणाला तेच कळेना. एकदा मोठ्या मुश्किलीनं..." असं म्हणून तो एकदम थांबला आणि त्यानं चहात तोंड घातलं.

"बारक्या," ती म्हणाली, "होडी घेतलीस ती दाजींसकट. तेव्हा वेगळं काही ठरलं नव्हतं."

"मग मी ती खाडीपलीकडच्याला देतो. आजच्या आज. मला नको. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झालीय."

तो खरंच देईल हे त्याच्या आवाजावरून कळत होतं. आता तांडेलीण दोन्हीकडून अडकली. नवऱ्याला धक्क्यावर जाऊ नका म्हटलं तर तो घरी. तसं न म्हटलं तर होडी पलीकडे आणि तो घरीच. तिनं भावाला शब्द दिला की आज बोलते.

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर ती त्याच्यासमोर बसली. बारक्याला जरा त्याचं त्याला करू द्या, एवढंच तिला म्हणायचं होतं. सुरुवातही तिनं तशीच केली. तांडेलानं लगेच ऐकून घेतलं आणि म्हणाला, बरोबर आहे तुझं, मी उगाच तिकडे वेळ घालवतो. उद्यापासून घरीच थांबतो. तुझ्या त्या बायका शिवतात त्यातही काही शिस्त नाही, ते बघतो जरा.

तिच्या तोंडून निघून गेलं, "नको. तुम्ही दिवसभर घरात असलात की माझा जीव घुसमटतो."

बोलली आणि तिला वाटलं, आता छप्पर कोसळणार. काही कोसळलं नाही. तांडेलानं टेबलावरची मिठाची बरणी सरळ करून ठेवली. मग त्यानं विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, ठाऊक नाही, बरीच वर्षं झाली. तो म्हणाला, सांगायचंस. काय सांगणार होते, ती म्हणाली, घरी येऊ नका म्हणून?

"सवतीचं काय मग?"

"मी पोर होते हो तेव्हा."

तो हसला, पण ते हसू नीट जमलं नाही. मग त्यानं खरं काय ते सांगितलं. होडी त्यानं आपणहून सोडली नव्हती. हंगाम संपता संपता चारही खलाशी धक्क्यावर त्याच्यापुढे उभे राहिले होते आणि म्हणाले होते, पुढच्या हंगामात तुम्ही असाल तर आम्ही नाही. दिवसभर कानीकपाळी ओरडणं ऐकून घ्यायचं, त्यापेक्षा विटा वाहू. बोलणारा सगळ्यात पुढे बारक्याच होता. दुसरे गडी शोधायला तांडेल दोन गावं फिरला. त्याचं नाव काढलं की लोक विषय बदलायचे. मग घरी येताना वाटेत त्याला तिचं ते जुनं बोलणं आठवलं. बायकोसाठी सोडली म्हटलं की चार माणसांत मान राहतो. तुझ्या माहेरच्या माणसाचं नाव तुझ्यापाशी कशाला घ्यायचं, म्हणून गप्प बसलो, असंही तो म्हणाला.

तिला भावाचा संताप आला, आणि आला तसाच विरला. भावानं तरी वेगळं काय केलं होतं? त्यानं तोंडावर सांगितलं, तिनं आडून केलं, एवढाच फरक.

"होडीवर नको, घरात नको," तांडेल म्हणाला. "मग मी जायचं कुठं?"

"तुम्ही नको असं नाही. तुमच्या सूचना नकोत."

"सूचना काढल्या तर माझ्यात उरतं काय?"

हे त्यानं रागानं विचारलं नव्हतं. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. 

दुसऱ्या दिवसापासून तांडेलानं तोंडाला कुलूप लावलं. रुसून म्हणावं तर तसंही नाही. जेवायला बोलावलं की यायचा, विचारलं तर मान हलवायचा. पण आपणहून एक अक्षर नाही. दूध उतू गेलं, तो बघत राहिला. वाऱ्यानं खिडकी आपटली, तो बघत राहिला. सकाळी उठून धक्क्यावर जायचा आणि होडीपासून चार हात लांब, पालथ्या टबावर, मांडीवर हात ठेवून बसून राहायचा. चार दिवसांनी तांडेलिणीला ते शांत घर खायला उठू लागलं. तिनं एकदा डबे मुद्दाम वेडेवाकडे लावून ठेवले. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं, एक श्वास घेतला आणि बाहेर गेला. तिला रात्री झोप लागेना. त्याला खरंच काही झालं तर नाही ना, म्हणून ती अंधारात त्याचा श्वास ऐकत पडायची. तरी ती बोलली नाही. तिची जिद्दही काही कमी नव्हती.

आधी मोडला तो बारक्या. तो पुन्हा आला, तेव्हा आधीपेक्षा वाईट दिसत होता. "नुसते बघतात गं," तो म्हणाला. "मी खिळा मारला की डोळे मिटून घेतात. काल मी डांबर लावत होतो तर त्यांनी असा उसासा टाकला की माझ्या हातातला ब्रशच पडला. कुठं चुकलं ते सांगत नाहीत. ती फट बरोबर भरलीय की नाही हे मला आता रात्री झोपेतही समजेनासं झालंय. उद्या होडी पाण्यात घालायची आहे. बोलायला सांग त्यांना."

"मी त्यांना गप्प राहा म्हटलं नव्हतं," ती म्हणाली, जे अगदीच खरं नव्हतं. "तूच सांग. आणि हेही सांग की त्या दिवशी पुढे उभा राहून बोललास ते चुकलं."

"चुकलं नव्हतं, ताई."

"ठाऊक आहे. तरी सांग."

बारक्या धक्क्यावर परत गेला. पुढचं नर्सबाईंनी डोळ्यांनी पाहिलं. त्या बटणं आणायला त्या बाजूनं गेल्या होत्या. बारक्या टबापाशी जाऊन उभा राहिला, काहीतरी पुटपुटला, कान पकडल्यासारखं केलं आणि मग सगळ्या गड्यांदेखत म्हणाला, "दाजी, बोला एकदाचं."

तांडेल सावकाश उठला. त्यानं विजारीची मागची धूळ झटकली.

"मालक," तो म्हणाला, "बोलू?"

बारक्यानं मान हलवली. मग तांडेल बोलला. टेकूंबद्दल बोलला, सुताबद्दल बोलला, पिवळ्या रंगाबद्दल तर बराच वेळ बोलला. बारक्यासकट चारही खलाशी होडीभोवती धावू लागले आणि पाठीमागून शिव्याही देऊ लागले, पण हळू आवाजात. सूर्य कलला तरी तो बोलतच होता. वाऱ्याबरोबर आवाज घरापर्यंत येत होता. तांडेलिणीनं खिडकी उघडी ठेवली, रेडिओ थोडा मोठा केला आणि चौघींनी मिळून गणवेशांची उरलेली सगळी पाकिटं बांधून टाकली.

अंधार पडल्यावर तो घरी आला. चेहरा उन्हानं रापलेला, डोळे मात्र चकचकीत. तिनं ताट वाढलं. पहिलाच घास घेतला आणि तो थबकला. आमटीत मीठ दुप्पट पडलं होतं. गप्पांच्या नादात तिनं दोनदा घातलं होतं. त्यानं मान वर केली, तोंड उघडलं, पण घशातून नुसती घरघर आली. दिवसभरात आवाज पार बसला होता. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. काही जमेना.

"सावकाश जेवा," तांडेलीण म्हणाली, आणि तिनं त्याला आणखी आमटी वाढली.